चावी परत घेताना

माझ्या मावशीचं डोंबिवली पूर्वेला एक वन बीएचके होतं. काका गेल्यावर ती नाशिकला मुलीकडे राहायला गेली आणि घर विकायला काढलं. स्टेशनजवळच्या एका एजंटाने लेटरहेडवर तिची सही घेतली, कागदांच्या झेरॉक्स घेतल्या, चावी घेतली. पुढचे तीन महिने घर बघायला किती जण आले, कोण आले, काय म्हणाले, यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचलं नाही. ती फोन करायची. तो म्हणायचा, "मावशी, मार्केट थंड आहे. पार्टी आली की मीच फोन करतो." चौथ्या महिन्यात जुन्या शेजाऱ्यांनी तिला सांगितलं, की एक नवराबायको घराच्या शोधात आहेत, त्यांना तुमचं दाखवू का? मावशी घाबरली. रात्री मला फोन आला. "अरे, मी सही करून बसलेय. आता मला माझंच घर दुसऱ्याला दाखवता येईल का?"

घर विकायला काढलेली कितीतरी माणसं या प्रश्नापाशी अडतात. अडण्याचं कारण असं, की त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. एजंटाला कामावरून काढता येतं का, हा एक. आणि काढल्यावर त्याला दलाली द्यावी लागते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' असतं. दुसऱ्याचं उत्तर एका वेगळ्याच गोष्टीवर ठरतं : पार्टी कोणी आणली. मालक भांडण करतो पहिल्या प्रश्नावर, आणि पैसे जातात दुसऱ्यावर. म्हणून या प्रकरणात मी दुसऱ्या प्रश्नाला जास्त जागा देणार आहे. पण सुरुवात मावशीच्या कागदापासून.

आपल्याकडे जुनं घर विकताना बहुतेक वेळा कागदच नसतो. मालक चार-पाच ब्रोकरांना तोंडी सांगतो, जो गिऱ्हाईक आणेल त्याला एक किंवा दोन टक्के द्यायचे ठरतात, आणि ब्रोकर मंडळी आपसात शेअरिंग करतात. अशा तोंडी कामातून बाहेर पडायला एक फोन पुरतो. गुंता होतो तो 'मँडेट'मध्ये. मँडेट म्हणजे ठरावीक मुदतीत फक्त याच एजंटामार्फत घर विकीन, असं लिहून देणं. चांगला एजंट मँडेट मागतो त्याला कारण असतं. तो फोटो काढतो, पोर्टलवर जाहिरातीचे पैसे भरतो, रविवार घालवून लोकांना घर दाखवतो, आणि ऐन वेळी मालक दुसऱ्याकडून सौदा करून मोकळा होतो. ही त्याची भीती खोटी नाही. मावशीच्या कागदात मुदत सहा महिन्यांची होती, दलाली दोन टक्के, आणि दोन्ही बाजूंना पंधरा दिवसांच्या लेखी सूचनेने बाहेर पडायची मोकळीक होती. हे शेवटचं वाक्य तिने वाचलंच नव्हतं. कागद सापडला तो देवघराच्या खणात, काकांच्या पेन्शनच्या पावत्यांखाली.

आता कायदा. भारतीय करार कायदा १८७२ सालचा, १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झालेला, आणि आजही चालू असलेला. त्याचं दहावं प्रकरण मालक आणि त्याच्या वतीने काम करणारा एजंट यांच्या नात्याबद्दल आहे. मला हा कायदा आवडतो तो त्यातल्या उदाहरणांसाठी. त्या काळी हिंदुस्थानसाठी कायदे लिहिणाऱ्यांनी पुष्कळ कलमांखाली छोटे प्रसंग घातले : अ ने ब ला अमुक सांगितलं, मग तमुक झालं, तर काय? दीडशे वर्षांपूर्वीचे हे प्रसंग आज वाचले तरी आपल्या गल्लीत घडल्यासारखे वाटतात.

कलम २०३ सांगतं, की एजंटाने त्याचा अधिकार वापरून मालकाला कोणत्याही व्यवहारात बांधून टाकलेलं नसेल, तोवर मालक तो अधिकार केव्हाही काढून घेऊ शकतो. घराच्या बाबतीत याचा अर्थ फार सोपा आहे. साध्या मँडेटने एजंटाला घर विकण्याचा अधिकार मिळतच नाही. त्याला मिळतं ते फक्त गिऱ्हाईक शोधण्याचं काम. सौदा मालकच करतो, साठेखतावर सही मालकच करतो. त्यामुळे मालकाने साठेखत केलेलं नसेल, विसार घेतलेला नसेल, तोवर काम काढून घ्यायला वाट मोकळी असते. कलम २०७ तर म्हणतं, की तसं बोलून दाखवलं नाही तरी वागण्यातूनसुद्धा अधिकार काढून घेतला जातो, आणि तिथलं उदाहरण घराचंच आहे : अ ने ब ला आपलं घर भाड्याने द्यायचं काम सांगितलं, मग अ ने स्वतःच ते भाड्याने दिलं. ब चा अधिकार तिथेच संपला.

पण अधिकार संपला म्हणजे हिशेब संपला असं नाही. कलम २०६ प्रमाणे वाजवी नोटीस द्यावी लागते, नाहीतर समोरच्याचं झालेलं नुकसान भरून द्यावं लागतं. आणि मुदत ठरलेली असताना पुरेशा कारणाशिवाय मध्येच काम काढलं, तर कलम २०५ प्रमाणे भरपाई द्यावी लागते. हे दुतर्फी आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. सहा महिन्यांचं मँडेट घेऊन दुसऱ्या महिन्यात एजंटाने हात वर केले, तर भरपाईची पाळी त्याच्यावर येऊ शकते.

'पुरेसं कारण' म्हणजे काय, हे कायद्याने मोजून दिलेलं नाही. पण एजंटाची कर्तव्यं त्याच प्रकरणात लिहिलेली आहेत आणि त्यांवरून अंदाज बांधता येतो. मालकाच्या सांगण्याप्रमाणे वागणं, काळजीने आणि कौशल्याने काम करणं, हिशेब देणं, अडचण आली तर मालकाला कळवून त्याचं म्हणणं घेणं. यापुढची दोन कलमं घर विकणाऱ्याने पाठच करावीत. कलम २१५ चं उदाहरण असं : अ ने ब ला आपली मालमत्ता विकायला सांगितली, ब ने ती क च्या नावाने स्वतःच विकत घेतली. हे उघडकीला आलं आणि ब ने मुद्दाम काही लपवलं होतं किंवा त्या विक्रीत अ चं नुकसान झालं, असं दिसलं, तर अ तो व्यवहार मोडू शकतो. दुसरं कलम २१६. मालकाला न सांगता त्याच्या कामातून स्वतःसाठी मिळवलेला फायदा एजंटाला मालकाच्या हवाली करावा लागतो. आपल्याकडे जे 'वरचे' म्हणतात ते हेच. मालकाला सांगायचं पार्टी पंचेचाळीसला तयार आहे, पार्टीला सांगायचं मालक सत्तेचाळीसच्या खाली येत नाही, आणि मधले दोन लाख रोखीत घ्यायचे. दोन्ही बाजूंकडून उघडपणे दलाली घेण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि दोघांना माहीत असेल तर माझी तिला हरकत नाही. लपवलेल्या पैशाला मात्र आहे. असं काही हाताला लागलं तर काम काढून घ्यायला पुरेसं कारण मिळतंच, शिवाय कामात गैरवर्तन करणाऱ्या एजंटाचा त्या कामाच्या मोबदल्यावरचा हक्क कलम २२० प्रमाणे जातो.

काही मँडेटमध्ये 'हा अधिकार रद्द करता येणार नाही' असं छापलेलं असतं. ते वाचून माणसं हाय खातात. तसं लिहिल्याने अधिकार कायमचा होत नाही. एजंटाचा त्या मालमत्तेतच स्वतःचा हितसंबंध असेल तर मात्र गोष्ट वेगळी, असं कलम २०२ म्हणतं. तिथलं उदाहरण जमिनीचं आहे : अ ने ब ला जमीन विकण्याचा अधिकार दिला आणि आलेल्या पैशांतून अ कडून येणं असलेलं कर्ज ब ने वळतं करून घ्यावं असं ठरलं. हा अधिकार अ ला काढून घेता येत नाही, अ च्या मृत्यूनेही तो संपत नाही. दलाली मिळण्याची आशा म्हणजे असा हितसंबंध नव्हे. पण एजंटाने सोसायटीची थकबाकी भरायला मालकाला दोन-तीन लाख उसने दिले, आणि विक्रीतून ते फेडून घ्यायचं कागदावर आलं, तर पाय अडकतो. घर विकायला दिलेल्या माणसाकडून उसने पैसे घेऊ नयेत, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. पैशाची नड असेल तर बँकेकडे जा, भावाकडे जा.

आणखी एक वाक्य भीती घालतं. 'मालकाने मुदतीत माघार घेतल्यास पूर्ण दलाली देय राहील.' करारात आधीच ठरवलेल्या अशा रकमेबद्दल कलम ७४ आहे. करार मोडल्यावर लिहिलेली रक्कम आपोआप हातात पडत नाही. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, आणि तिच्या आत न्यायालय वाजवी भरपाई ठरवतं. महिनाभरात दोन फोटो टाकलेल्या एजंटाची वाजवी भरपाई आणि तीस जणांना घर दाखवलेल्याची वाजवी भरपाई सारखी असणार नाही. शिवाय मालकाचा विश्वास उडालेला असताना त्याच एजंटाकडून काम करवून घ्या, असा हुकूम न्यायालय सहसा देत नाही. प्रश्न उरतो तो पैशांचा. म्हणून आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

दलाली केव्हा देणं लागते? वेगळं काही ठरलं नसेल तर काम पुरं झाल्यावर, असं कलम २१९ सांगतं. पण दलाल नेमतात ते काम कोणतं? पार्टी आणणं, की सौदा पुरा होणं? यावर १९४१ साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने दिलेला एक निकाल जगभर सांगितला जातो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची काही सिनेमागृहं विकायची होती. सौदा झाला तर दहा हजार पौंड दलाली, असं ठरलं होतं. दलालाने घ्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक आणलं, आणि मालकांनी विचार बदलला. दलाल कोर्टात गेला. मालकाने विनाकारण माघार घेऊ नये ही अट करारात न लिहिता गृहीतच आहे, असं त्याचं म्हणणं होतं. लॉर्डांनी ते मानलं नाही. त्यांतल्या एकाने दाखवून दिलं, की ही रक्कम लॉर्ड चान्सलरच्या वर्षभराच्या पगाराएवढी आहे आणि काम आठ-नऊ दिवसांचं. इतक्या मोठ्या कमाईच्या आशेने दलाल धोका पत्करतो, तो धोका त्याचाच. सौदा झाला तर दलाली असं लिहिलेलं असेल, तर सौदा न झाल्यास दलाली नाही. तुमच्या कागदात यापेक्षा वेगळं लिहिलेलं असेल, उदाहरणार्थ 'घेण्यास तयार ग्राहक आणून दिल्यावर दलाली देय होईल', तर मात्र हा आधार तुमच्या हातून जातो. एवढ्या एका ओळीसाठी मँडेट दोनदा वाचावं.

खरी चकमक होते ती काम काढून घेतल्यानंतर. एजंटाला काढलं, दोन महिन्यांनी घर विकलं गेलं, आणि त्याचा फोन येतो : "ही पार्टी माझी. मी त्यांना जूनमध्ये घर दाखवलं होतं." पुष्कळ करारांमध्ये अशा दिवसांसाठी शेपूट जोडलेलं असतं. मुदत संपल्यावर पुढचे तीन किंवा सहा महिने, एजंटाने ओळख करून दिलेल्या माणसाला घर विकलं तर दलाली द्यायची. मी या शेपटाच्या विरुद्ध नाही. ते नसतं तर पार्टी आणि मालक मिळून, मुदत संपेपर्यंत गप्प राहून, एजंटाची मेहनत फुकटात खाऊ शकले असते. पण शेपटाला टोक असावं. 'ओळख करून दिलेला माणूस' म्हणजे ज्याला प्रत्यक्ष घर दाखवलं तो, की पोर्टलवरून ज्याचा फोन आला तो प्रत्येक जण? लंडनमधल्या फॉक्सटन्स या मोठ्या एजन्सीचा असाच एक दावा २००८ साली कोर्ट ऑफ अपीलसमोर आला. खरेदी करणाऱ्या बाईंना ते घर पहिल्यांदा दाखवलं होतं फॉक्सटन्सने. पुढे दुसऱ्या एजन्सीमार्फत त्या त्याच घराकडे पुन्हा वळल्या आणि ते घेतलं. कोर्टाने फॉक्सटन्सची मागणी फेटाळली. नुसतं घर दाखवणं वेगळं आणि खरेदीपर्यंत आणणं वेगळं. आणि एकाच घरासाठी मालकाला दोनदा दलाली भरावी लागेल असा अर्थ काढायचा, तर करारात तसे शब्द स्पष्ट हवेत, असा त्या निकालाचा रोख होता. इंग्लंडचे निकाल आपल्या न्यायालयांना बांधून ठेवत नाहीत, पण आपला करार कायदा त्याच मुशीतला असल्यामुळे असे निकाल वाचले जातात.

या सगळ्यातून एक कामाची गोष्ट निघते. काम काढून घेताना एजंटाकडून नावांची यादी मागून घ्या. कोणाला, कोणत्या तारखेला घर दाखवलं, बोलणी कुठवर आली. लेखी. आठ दिवसांच्या आत. त्या यादीतली माणसं त्याची, यादीबाहेरची माणसं त्याची नाहीत, आणि यादीचाही अमुक तारखेनंतर हक्क नाही, एवढं दोघांच्या सहीने ठरवून ठेवा. पुढच्या एजंटाला ही यादी दाखवा आणि त्या नावांपुरती तुझी दलाली नाही, किंवा तुम्ही दोघं वाटून घ्या, हे त्याच्या कागदात आणा. एका पानाचं काम आहे. ते न केल्यामुळे झालेली भांडणं मी पाहिली आहेत, आणि दलालीची रक्कम वसूल करायला दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची असते हेही ध्यानात ठेवा.

पत्राचा मसुदा साधा असावा. रागाने लिहिलेल्या पत्रातली विशेषणं पुढे आपल्यालाच नडतात. मावशीसाठी मी लिहिलं ते साधारण असं होतं :

'दि. … च्या पत्राने मी आपणास … सोसायटीतील सदनिका क्र. … साठी ग्राहक शोधण्याचे काम दिले होते. सदर पत्रातील तरतुदीप्रमाणे १५ दिवसांची सूचना देऊन ते काम व त्यासाठी दिलेले सर्व अधिकार मी दि. … पासून काढून घेत आहे. त्या तारखेनंतर माझ्या वतीने कोणाशीही बोलणी करू नयेत व टोकन अथवा अन्य रक्कम स्वीकारू नये. आपण ज्यांना प्रत्यक्ष सदनिका दाखवली त्यांची नावे व तारखा आठ दिवसांत लेखी कळवाव्यात. सदनिकेच्या सर्व चाव्या व माझ्या कागदपत्रांच्या प्रती परत कराव्यात आणि जाहिराती काढून टाकाव्यात.'

हे पत्र पोचणं महत्त्वाचं. कायद्यातलं मला सर्वांत आवडणारं उदाहरण इथेच येतं, कलम २०८ मध्ये. अ ने ब ला माल विकायला सांगितला, पाच टक्के दलाली कबूल केली. नंतर पत्र टाकून काम काढून घेतलं. पत्र वाटेवर असतानाच ब ने शंभर रुपयांना माल विकला. ती विक्री अ ला मान्य करावी लागेल, आणि ब ला पाच रुपये दलालीही मिळेल. एजंटापुरतं बोलायचं तर त्याला कळेल तेव्हाच अधिकार संपतो, पत्र लिहिलं तेव्हा नाही. म्हणून पोच हवी. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, तेव्हा आता स्पीड पोस्टने पोच मागवावी, ईमेल करावा, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून निळ्या खुणांचा स्क्रीनशॉट ठेवावा. तिन्ही करावं, पैसे फारसे लागत नाहीत.

त्याच कलमातलं दुसरं उदाहरण मुंबईचं आहे, आणि ते जास्त गंभीर आहे. मद्रासमधल्या अ ने मुंबईच्या वखारीतला आपला कापूस विकायला ब ला पत्राने सांगितलं, मग दुसऱ्या पत्राने ते काम काढून घेतलं. दुसरं पत्र हातात पडल्यावरही ब ने क शी सौदा केला. क ला पहिलं पत्र ठाऊक होतं, दुसरं नव्हतं. क ने पैसे दिले, ब ते घेऊन पळाला. कायदा म्हणतो, क ने दिलेले पैसे अ ला दिल्यासारखेच. एजंटाला सांगून भागत नाही. तो अजूनही तुमचाच माणूस आहे असं ज्यांना वाटतं आहे, त्यांनाही कळलं पाहिजे.

साध्या मँडेटमध्ये हा धोका लहान असतो, कारण एजंटाच्या हातात सौदा करायचा अधिकारच नसतो. कुलमुखत्यारपत्र दिलेलं असेल तर तो घरावर बेततो. मुलगा न्यू जर्सीत, आईवडील गेले, चिंचवडचा फ्लॅट बंद, म्हणून ओळखीच्या एजंटाच्या नावे विक्रीचं मुखत्यारपत्र करून दिलेली माणसं मला भेटली आहेत. निव्वळ मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं. पण त्या पत्राच्या जोरावर मुखत्यार तुमच्या वतीने रीतसर खरेदीखतावर सही करू शकतो, पैसे घेऊ शकतो. ते रद्द करायचं तर रद्दपत्र करावं, मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं असेल तर रद्दपत्रही तिथेच नोंदवावं, मुखत्याराला पोच घेऊन कळवावं, सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र द्यावं, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशा सुरुवातीच्या त्या चौकटी आपण पान उलटून टाकतो. मुंबईच्या कापसासारखा प्रसंग आपल्यावर येऊ नये यासाठी त्या चौकटी असतात. त्या भागात वाचल्या जाणाऱ्या मराठी दैनिकात एक आणि इंग्रजी दैनिकात एक, अशा दोन द्याव्यात.

कागदांबद्दल थोडं. मूळ शेअर सर्टिफिकेट, मूळ करार, मूळ इंडेक्स टू एजंटाकडे कधीही ठेवू नये. विश्वास असला तरी नाही. कलम २२१ प्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर, आपलं येणं मिळेपर्यंत हातात आलेले मालकाचे कागद अडवून ठेवायचा हक्क एजंटाला असतो. झेरॉक्सवर 'फक्त सदनिका विक्रीसाठी' असं आडवं लिहून तारीख टाकली की काम भागतं. पोर्टलवरच्या जाहिराती मात्र स्वतः शोधून पाहाव्या लागतात, कारण एका एजंटाकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून तिसऱ्याने तेच फोटो उचललेले असतात आणि काम काढून घेतल्यावरही तुमच्या स्वयंपाकघराचे फोटो कोणाच्या तरी नावाने, कोणत्या तरी भावाने झळकत राहतात. भाव वेगवेगळे दिसले की गिऱ्हाईक बिचकतं.

'महारेराकडे तक्रार करीन' ही धमकी पुष्कळ जण देतात. ती कुठे लागू पडते हे बघून द्यावी. २०१६ च्या रेरा कायद्यात एजंटाने नोंदणी करायची ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या घरांच्या व्यवहारासाठी. नव्या प्रकल्पांतल्या फ्लॅटसाठी विनानोंदणी काम करणाऱ्याला दर दिवशी १०,००० रुपयांपर्यंत, एकूण किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही आता सक्तीची आहे. पण तीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतलं जुनं घर विकायचं असेल तर तो व्यवहार बहुधा या चौकटीबाहेर पडतो, आणि तिथे तुमच्या मदतीला येतो तो १८७२ चाच कायदा. तरीही नोंदणी असलेला एजंट निवडावा असं मी म्हणेन. परीक्षा देऊन आलेल्या माणसाला निदान आपली कर्तव्यं वाचावी लागलेली असतात.

परदेशी राहणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. अमेरिकेत घर विकताना बहुतेक वेळा जो करार होतो त्यात मुदतीत घर कोणीही विकलं, अगदी मालकाने स्वतः विकलं, तरी एजंटाला दलाली मिळते. हा करार समोर बसलेल्या एजंटाशी नसतो, तो ज्या ब्रोकरेज कंपनीत काम करतो तिच्याशी असतो. म्हणून एजंटाशी पटत नसेल तर आधी त्या कंपनीच्या मुख्य ब्रोकरला भेटून दुसरा एजंट मागावा. पुष्कळदा तिथेच प्रश्न सुटतो. दुसरं, यादीवरून घर 'मागे घेणं' आणि करार 'रद्द करणं' या तिथे वेगळ्या गोष्टी आहेत. मागे घेतलेल्या घराची जाहिरात थांबते, करार जिवंत राहतो. त्या काळात शेजाऱ्याला घर विकलं तर दलाली भरावी लागू शकते. कराराची सुटका लेखी आणि ब्रोकरच्या सहीने घ्यावी.

मावशीच्या एजंटाकडे आम्ही दोघं गेलो ते पत्र हातात घेऊनच. तो आधी बिनसला, मग कागदातलं पंधरा दिवसांचं वाक्य वाचून दाखवल्यावर खाली बसला. मी नावं मागितली. त्याने खणातून वही काढली. तीन महिन्यांत सहा जणांना घर दाखवलं होतं, तारखा होत्या, एकीपुढे 'किचन लहान वाटलं' असंही लिहिलेलं होतं. मावशी मला म्हणाली, "बघ, काम केलंय की रे याने." आणि मग त्याला म्हणाली, "मग मला फोनवर सांगितलं का नाहीस?" तो काही बोलला नाही. सहा नावं खाली उतरवली, त्याने सही केली, तिने केली, तीन महिन्यांची मर्यादा घातली. त्याने चावी दिली. मावशीने विचारलं, अजून किती आहेत? मग आणखी दोन निघाल्या.

शेजाऱ्यांनी सुचवलेल्या नवराबायकोंना आम्ही महिन्याभराने घर दाखवलं. त्यांना आवडलं. बोलता बोलता ती बाई म्हणाली, "आम्ही हे घर मागे एकदा पाहिलंय, जूनमध्ये." यादी काढली तर तिसरं नाव त्यांचंच होतं. किचन लहान वाटलं होतं ते यांनाच. शेजाऱ्यांनी समजूत घातली, मावशीने भाव थोडा उतरवला, म्हणून ती दोघं परत आली होती, आणि यात एजंटाचा हात नव्हता. कायद्याने वाद घालता आला असता. पण यादीवर आमची सही होती. मावशीने मला वाद घालू दिला नाही. मी एजंटाला फोन करून सगळं जसं घडलं तसं सांगितलं, आणि दोनऐवजी एक टक्का घ्या म्हटलं. त्याने थोडा वेळ घेऊन हो म्हटलं. साठेखताच्या दिवशी तो स्वतः कल्याणच्या नोंदणी कार्यालयात आला, सकाळपासून रांगेत उभा राहून टोकन काढून ठेवलं होतं, आणि पैसे मिळाल्याची पावती त्याने मावशीच्या नावाने तिथेच उभ्या उभ्या लिहून दिली.